'शाळा' पुन्हा बघितला. ही आठवण नेमकी कुणाची?

टिळकवाडीकर
रविवारी घरात सगळ्यांनी बसून 'शाळा' परत बघितला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे चित्र्या, सुऱ्या, फावड्या हे दोस्त आणि वर्गातली शिरोडकर, जिच्याकडे बघण्यातच जोशीचं वर्ष जातं. शेवटी वडिलांची बदली होते आणि शिरोडकर गाव सोडून जाते. मिलिंद बोकील यांची कादंबरी 2004 ची. सुजय डहाके यांचा हा पहिलाच चित्रपट 2012 ला लागला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

आता माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून. हा चित्रपट आपल्याला जरा जास्तच आवडलाय. दिएगो रोमेरोच्या कॅमेऱ्यातून सगळं इतकं देखणं दिसतं की नववीत कधी पोटात गोळा आलाच नव्हता असं वाटतं. पुस्तकातला जोशी चांगलाच बेरकी आहे. कुणाला काय सांगायचं, काय लपवायचं याचा त्याचा हिशेब सतत चाललेला असतो. पडद्यावरचा जोशी म्हणजे नुसते टपोरे डोळे.

दुसरं म्हणजे बेळगावात ज्याला विचारावं तो म्हणतो, "अगदी आमचीच शाळा!" कुठली आमची? आपल्याकडे फाटकावरची पाटी कन्नड आणि मराठी, दहावीला कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी, इतिहासात कित्तूरची चन्नम्मा, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारणार, "अजून मराठीतच घातलंय पोराला?" हे सगळं असलेला चित्रपट मी तरी पाहिलेला नाही. म्हणून आपण दुसऱ्याच्या आठवणीवर रडून घेतो.

कॅम्पातला
झालं सुरू! साधा पोरापोरींचा चित्रपट, त्यातही सीमाप्रश्न. उद्या बेळगावचा कुंदा गोड का, तर बेळगाव कर्नाटकाला देणाऱ्या महाजन अहवालामुळे म्हणशील. कशाला इतकं ताणालाय? चोरून बघणं, मित्रांनी ढकलणं, घरी तोंड पाडून येणं, ह्याला कुठलं राज्य लागतं?

खानापूरचे काका
मी त्याच सुमारास नववीत होतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे मुख्यमंत्री देवराज अर्स, तिकडे महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण. वाजपेयी, अडवाणी बेंगळूरच्या तुरुंगात. आम्हा पोरांना त्याचं काही सोयरसुतक होतं का? मोठी माणसं ओसरीवर हळू आवाजात बोलायची आणि आम्ही गेलो की विषय पावसावर. बस्स, एवढीच आमची आणीबाणी. चित्रपटात ती अशीच कडेकडेनं येते, मधे येऊन भाषण करत नाही. मला हे सगळ्यात खरं वाटलं.

टिळकवाडीकर, तुम्ही म्हणता भीती दिसत नाही. सुऱ्यानं त्याला आवडणाऱ्या केवडाला विचारल्यावर जे रामायण होतं ते विसरलात काय? त्यानंतर जोशीचा चेहरा बघा. आणि दिलीप प्रभावळकरांचे मुख्याध्यापक आप्पा व्हरांड्यातून नुसते चालत आले तरी मी या वयात सावरून बसलो.

निपाणीचा गडी
मला तर झोप आली, खरं सांगतो. अर्धा तास झाला तरी हा बघतोय, ती बघतेय, पुढं काय हाय का नाय? त्यापेक्षा 'दुनियादारी' लावा. 2013 ला आम्ही टोळक्यानं कोल्हापूर गाठून बघितला होता. दिग्या आला की शिट्ट्या. कॉलेजचा कट्टा, भांडणं, यारी. जुन्या दिवसांचा चित्रपट म्हणजे असा पाहिजे गा.

टिळकवाडीकर
निपाणीकर, सुहास शिरवळकरांची कादंबरी वाचलेल्यांना चित्रपटाच्या शेवटाबद्दल विचारा, मग बोलू. तरी एक मान्य करतो, 'दुनियादारी' आपण खरी आहे असा आव आणत नाही.

शहापूरची लेक
सगळे पुरुष आपापली नववी काढून बसलेत म्हणून मी येते.

माझी तक्रार वेगळीच आहे. शिरोडकर कोण आहे? तिला कुठला विषय आवडतो, तिच्या मैत्रिणी आपसात काय बोलतात, बदलीचं घरी कळल्यावर ती रडली की तिला हायसं वाटलं? काहीच नाही. केतकी माटेगावकरनं काम सुंदरच केलंय, पण तिच्या वाट्याला मुख्यतः वळून बघणं आलंय. कादंबरी जोशीच सांगतोय, म्हणून तिथे ते चालून जातं. चित्रपटाला काय अडचण होती? अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याबद्दल आदर आहे. पण कॅमेरा एकदा तरी तिच्या घरात शिरायला हवा होता.

आणि आमची नववी कशी होती ते सांगते. मला एकानं चिठ्ठी दिली. मजकूर मराठी, लिपी कन्नड! का, तर आमच्या आईला कन्नड वाचता येत नाही हे त्यानं आधी काढून ठेवलं होतं. तुमच्या त्या जोशीला हे सुचलं असतं का?

कॅम्पातला
😂😂 ताई, मग पुढे काय झालं?

शहापूरची लेक
बाबांना येतं.

खानापूरचे काका
पोरगी जिंकली.

येळ्ळूरचा
वर सगळे शिरोडकर-शिरोडकर करताहेत, फावड्याचं नाव एकदा कास्टच्या यादीसारखं आलं आणि गेलं. सगळं जोशीच्या डोळ्यांनी दिसतं. फावड्याला नववी कशी दिसली, हे विचारायला कोणी जात नाही. जोशीचा मामा जवळ बसवून त्याच्याशी दोस्तासारखा बोलतो, प्रेमाबद्दलसुद्धा. माझ्या मामानं मला भाताच्या चिखलात उतरवलं होतं.

'फँड्री' बघा. तिथेही शाळा आहे, तिथेही जब्या शालूकडे बघतोय. पण शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर पकडायला धावणारं जब्याचं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तिथे माझं हसू घशात अडकलं. 'शाळा' बघून बाहेर पडल्यावर 'किती छान दिवस' म्हणता येतं. 'फँड्री' बघून म्हणा बघू.

कॅम्पातला
पण प्रत्येक चित्रपटानं सगळ्यांचं दुःख मांडलंच पाहिजे का? जोशी मध्यमवर्गीय पोरगा आहे, त्याची गोष्ट त्याच्या डोळ्यांनीच दिसणार. हे म्हणजे मांडे मागवून झणझणीत नाहीत म्हणून भांडण्यासारखं झालं.

येळ्ळूरचा
मांडे खा की, कोण नको म्हणतंय? फक्त ते सगळ्या महाराष्ट्राचं जेवण आहे म्हणून वाढू नका. आपण तर त्या महाराष्ट्रातही नाही.

टिळकवाडीकर
येळ्ळूरचा बोलला ते मला नीट मांडता आलं नव्हतं.

कॅम्पातल्या, तुला वाटतं मी सीमाप्रश्न ओढून आणतोय. मग सांग, परवा बघताना माझी पुतणी, जी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे, तिला वर्गातले कुठले विनोद कळले? परांजपे बाई झालेली अमृता खानविलकर तिला ओळखता आली, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते शिरोडकर गेली म्हणून नाही. फळ्यावर मराठीत सुविचार लिहिलेला दिसला म्हणून आलं. आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत आता दोन इयत्ता एका खोलीत बसतात. तेव्हा मी जे बघत होतो ते बोकिलांच्या गोष्टीत नव्हतंच, ते मी घरून आणलं होतं. चित्रपट चांगला की वाईट हे ठरवताना एवढं तरी बाजूला काढावं, माझं इतकंच म्हणणं होतं.

कॅम्पातला
तू फळा बघून रडलास, मी माझ्या सायकलचा विचार करून. तू जे घरून आणलंस ते बाहेर पडायला चित्रपटात जागा होती ना? हीच त्याची ताकद. वाईट चित्रपटात कोणी घरचं काही घेऊन बसत नाही, मोबाईल घेऊन बसतं. आणि माझ्या मुली मराठी शाळेतच आहेत, हे जाता जाता.

खानापूरचे काका
एक विचारतो. पुस्तक कुणाकुणाकडे आहे? माझी प्रत कुणीतरी नेली ती नेलीच. 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे बेळगावात, तिथे बघतो. पुस्तकातला जोशी बेरकी आहे म्हणता, तो मला आठवतच नाही. माझ्या डोक्यात आता चित्रपटातलाच बसलाय.

शहापूरची लेक
काका, माझ्याकडे आहे, येऊन न्या. आणि वाचून झालं की शिरोडकरची पानं मोजा. पुस्तकातसुद्धा ती किती बोलते ते मला एकदा बघायचंच आहे.

निपाणीचा गडी
दुनियादारीवर कुणीच बोलेना की मर्दा. वेगळा धागा काढू काय?