पेन्साकोलाची खाडी, १७८१ : गाल्वेस आत शिरला कसा?

सागरवेडा, देवगड
लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर बेर्नार्दो दे गाल्वेस १८ मार्च १७८१ला फ्लोरिडातल्या, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या पेन्साकोलाच्या खाडीत लहानशा ब्रिगवरून (दोन डोलकाठ्यांचं जहाज) एकटाच शिरला, असं म्हणतात. मोठं आरमार बाहेरच थांबलं. खाडीच्या मुखाशी बरांकासच्या टेकाडावर इंग्रजांच्या तोफा होत्या, त्या लागल्या कशा नाहीत? आणि आपल्याकडे करतात तसं भरतीची वाट बघून सगळीच जहाजं आत नेता आली नसती का?

तांडेल, दाभोळ
भरतीचा तिथे उपयोग नाही. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं. पेन्साकोलाला भरती दिवसातून एकदाच, तीही जेमतेम दीड फुटाची. म्हणजे मुखावरच्या वाळूवर जेवढं पाणी आहे तेवढंच. जहाजाचा तळ किती खोल जातो यावर सगळं.

'सान रामोन' हे ६४ तोफांचं जहाज आधी आत घ्यायला गेले, तर तळ वाळूला लागला आणि माघारी फिरावं लागलं. त्यानंतर आरमारप्रमुख काल्बो दे इराझाबाल हटून बसला. त्याला भेकड म्हणणं मला पटत नाही. अनोळखी अरुंद वाट, आणि रुतलं तर शत्रूच्या तोफांसमोरच रुतणार.

त्यातली खरी अडचण हुकमाची. मोठी जहाजं हवानाच्या आरमाराची, त्यांच्यावर गाल्वेसचा अधिकार चालत नव्हता. 'गाल्वेझटाउन' ही ब्रिग मात्र लुइझियानाची, म्हणजे त्याच्या हाताखालची. आणि 'एकटा' हे पूर्ण खरं नाही, मागे एक स्लूप (एका डोलकाठीचं छोटं जहाज) आणि तोफा चढवलेल्या दोन होड्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाकीची जहाजंही आत आली. 'सान रामोन' हवानाला परतलं.

बुरूजबंदी, अलिबाग
तोफांचं सांगतो. उंचावरची तोफ लांबवर मारते, पण पायथ्याजवळून जाणाऱ्या जहाजावर तिचं तोंड हवं तेवढं खाली झुकत नाही. गाडा आणि तटाची कड आड येते. शिवाय तोंड फार खाली केलं की गोळा नळीतून पुढे घरंगळतो, म्हणून गोळ्यावर बोळा ठासून बसवावा लागतो. त्यात वेळ जातो आणि जहाज तर चालतंय. गोळे शिडं आणि दोरखंड फाडून गेले, गलबत शाबूत राहिलं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आधीचं काम. ९ मार्चला रात्री गाल्वेसने समोरच्या सांता रोसा बेटावर माणसं उतरवली, टोकाशी तोफांचा मोर्चा बांधला आणि आतल्या इंग्रजी फ्रिगेटना (वेगवान युद्धनौकांना) मुखापासून दूर हटवलं. धाडसाच्या आधी एक बाजू मोकळी केली होती.

सागरवेडा, देवगड
आभार दादा. मग किल्ला पडायला मे का उजाडला?

बुरूजबंदी, अलिबाग
कारण गाव तीन तटबंद्यांच्या आड होतं : फोर्ट जॉर्ज, मधला प्रिन्स ऑफ वेल्स आणि सगळ्यात उंचावरचा क्वीन्स रिडाउट (रिडाउट म्हणजे छोटी स्वतंत्र तटबंदी). वरचा घेतल्याशिवाय खालचे हाती येत नाहीत, आणि तोफा तिथवर पोचवायला खंदक खणत जावं लागतं. १२ एप्रिलला गाल्वेस स्वतः हाताला आणि पोटाला गोळी लागून जखमी झाला. १९ला स्पॅनिश आरमारप्रमुख सोलानोच्या ताफ्यातून मोठी कुमक आली, तेव्हा कुठे वेढ्याला जोर चढला.

८ मे रोजी एक फुटणारा गोळा क्वीन्स रिडाउटच्या दारूकोठारात पडला. स्फोटानंतर स्पॅनिश सैन्याने तिथेच तोफा आणून खालच्या तटावर मारा सुरू केला. दुपारी इंग्रज सेनापती जनरल कॅम्पबेलने पांढरं निशाण चढवलं, १० मेला शरणागती झाली.