एक ठिपका बसला, दुरुस्तीच्या पैशात लॅपटॉप येईल!

प्रश्न: संगणकावरचा मजकूर बोटांखाली ठिपक्यांनी उमटवणाऱ्या माझ्या ४० सेलच्या (म्हणजे ४० अक्षरखणांच्या) ब्रेल डिस्प्लेवर सातव्या सेलचा तिसरा ठिपका वर येत नाही. म्हणजे तिथे ‘ल’ पडला की ‘ब’ होतो. काल ‘लाल’चं ‘बाल’ वाचलं आणि वाक्य दोनदा चाचपडलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून फोनच ठेवला. एवढं सोनं असतं तरी काय आत?

उत्तर १: सोनं नाही, पिझोच्या पट्ट्या. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र पट्टी. वीज दिली की ती वाकते आणि पिन वर ढकलते. एका सेलला ८, म्हणजे तुमच्याकडे ३२०. त्यात गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे भाव उतरत नाही. आधी सेल साफ करून घ्या, बोटांचा मळ अडकतो. पाणी मात्र लावू नका.

उत्तर २: तोवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरा की. २००६ पासून फुकट आहे, मराठीही बोलतं.

मूळ प्रश्नकर्ती: तेच वापरते हो, रोज! पण माझं काम मुद्रितशोधनाचं. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच. दर शब्दाला थांबून एकेक अक्षर ऐकत बसले तर पान कधी संपायचं? ऱ्हस्व-दीर्घ बोटालाच कळतं.

उत्तर ३: ऑर्बिट रीडर २० हा ब्रेल डिस्प्ले बघा. त्यात पिझो नाही, म्हणून बराच स्वस्त. ओळ बदलताना खडखडतो आणि जरा रेंगाळतो, शिवाय सेल २०च.

मूळ प्रश्नकर्ती: खडखड चालेल. २० सेलमध्ये आपले जोडशब्द मावतील का, तेवढं सांगा.