अनुभव धागा : मधुमेह आणि दबलेला मणका

हा धागा आईमुळे काढतेय. आई ६८ वर्षांची, मधुमेह १७ वर्षांपासून. गौरी यायच्या आदल्या दिवशी तिने ओट्याखालचा तांदळाचा डबा ओढला आणि पाठीत कळ आली. पडली नाही, कुठे आपटली नाही. उसण भरली असेल म्हणून आम्ही ११ दिवस शेकत बसलो. कुशीवर वळताना ती पलंगाची कड इतकी घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. ते पाहिलं आणि एक्स-रे काढला. एल-वन, म्हणजे कमरेचा पहिला मणका, पुढून दबलेला.

डेक्साचा, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला तेव्हा तर काहीच कळेना. टी-स्कोर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे १.३. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं विरळ होण्याच्या) उणे २.५ पासून बराच लांब. मग मणका दबला कसा? डॉक्टरांनी सांगितलं की टाइप टू मधुमेहात हाडाची घनता बऱ्याचदा चांगली दिसते, कधी इतरांपेक्षा जास्तही. पण हाडातल्या खनिजाला धरून ठेवणारं कोलॅजनचं जाळं असतं, त्याला साखर चिकटून ते ठिसूळ होतं. एचबीएवनसी या रक्ततपासणीत आपण तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतो, तसंच हे. तांबड्या पेशी तीन-चार महिन्यांत बदलतात, हाडातलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. डेक्सा मोजतं फक्त खनिज. इतक्या वर्षांत आईचे डोळे, किडनी, तळपाय सगळं तपासून घेतलं. पाठीबद्दल कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. याची फार हळहळ वाटते.

तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. कसं लक्षात आलं, औषधं बदलली का, पुन्हा पडू नये म्हणून काय केलंत?

कोल्हापूरहून, वडिलांबद्दल
बाबा पहाटे ४ वाजता मोरीत बसकण मारल्यासारखे पडले. बनियन घामाने चिंब, शुगर घसरून ५४. रात्री ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी आणि इन्सुलिन दोन्ही होतं, आणि संध्याकाळी उपास म्हणून नुसती साबुदाण्याची खिचडी, तीही अर्धी. डी-ट्वेल्व्ह, म्हणजे छातीमागचा शेवटचा मणका, दबला. त्यांचं एचबीएवनसी ६.४ होतं आणि आम्ही ते कौतुकाने सगळ्यांना सांगायचो. ७६ वर्षांच्या माणसाला इतकी खाली शुगर ठेवायची गरज नाही, हे मणका गेल्यावर कळलं. आता ग्लिमेपिराइड बंद आहे, ७.५ पर्यंत चालेल असं ठरलंय. खोलीपासून मोरीपर्यंत रात्रभर दिवा, आणि पायपुसणं काढून टाकलं. तळपायांना संवेदना कमी असलेल्या माणसाला पायपुसण्याची दुमडलेली कड कळत नाही.

नाशिक, स्वतःचा अनुभव, वय ६३
माझं आधी मनगट मोडलं, वर्षाने मणका. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन आठ वर्षं चालू होतं. या गोळीने बायकांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण वाढतं हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, पण मनगटाचं प्लास्टर घालताना माझ्या गोळ्यांची यादी कुणी पाहिलीच नाही. हाडाच्या डॉक्टरांकडे शुगरची फाइलसुद्धा घेऊन जा, एवढं कळकळीने सांगते. गोळी मनाने बंद करू नका, विचारा.

ठाणे, फिजिओथेरपिस्ट
मणका दबलेल्यांनी पुढे वाकायचे व्यायाम करू नयेत. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, जमिनीवर पडून पोटासाठी उठाबशा, हे सगळं बंद. पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्याच बाजूवर भार येतो, आणि दबतो तोच भाग. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, शुगर कमी व्हावी म्हणून रोज १२ सूर्यनमस्कार घालायच्या. दुसरा मणका गेल्यावर आल्या. चालणं, भिंतीला पाठ लावून हात वर नेणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे जमतं आणि उपयोगी पडतं. दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणं टाळाच.

बंगळुरू, टाइप वन, वय ३४
आमची गोष्ट वेगळी आहे. मला ११ व्या वर्षी मधुमेह झाला. हाडं भरायच्या वयातच इन्सुलिन कमी, त्यामुळे टाइप वनमध्ये घनताच कमी राहते. माझं व्हिटॅमिन डी थ्री ६०,००० युनिटची पाकिटं घेऊनही वर येईना. शेवटी सिलिॲक, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होणारा आजार, निघाला. टाइप वनवाल्यांना तो जास्त असतो. गहू सुटला, मग औषध अंगी लागलं.

लेस्टर, इंग्लंड
सासऱ्यांचा हाड मोडण्याचा धोका इथे फ्रॅक्स वापरून काढला. ते शेफील्ड विद्यापीठातलं २००८ पासूनचं गणित. त्याच्या मूळ प्रश्नांत टाइप टू मधुमेह नाहीच! डॉक्टरांनी त्याऐवजी संधिवाताच्या, म्हणजे रूमॅटॉइडच्या, रकान्यात ‘हो’ भरलं. तशी पद्धत आहे म्हणे. मग आकडा उपचाराच्या रेषेवर गेला. हाडांसाठी वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन मिळालं, त्याआधी किडनीची तपासणी आणि दात दाखवून आले. दोन दिवस ताप होता.

सातारा
सासूबाईंना २८ वर्षं मधुमेह, दोनदा पडल्या, काही झालं नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही, घाबरू नका. पण एक विचारते. त्यांचे परकर हल्ली जमिनीवर लोळतात. दोन वर्षांत दोनदा टीप घालून घेतली. हे त्यातलंच का?

धागा काढणारी
साताऱ्याच्या ताई, लगेच उंची मोजा. मणका दबलेला बऱ्याच जणांना कळतच नाही, दुखतही नाही, नुसती उंची कमी होते आणि पोक येतं. तुमचं वाचून मी काल आईला दाराच्या चौकटीला उभं केलं. गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या जुन्या कागदावर १५४ सेंमी आहे, आता १४९ भरली. एका मणक्याने एवढी कमी होणार नाही. मंगळवारी पूर्ण पाठीचा बाजूने एक्स-रे आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.