‘निधी मंजूर’ म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न

गावात सभामंडपाच्या कामाचा फलक लागलाय : ‘10 लाखांचा निधी मंजूर’. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले, “मंजूर आहे, पण निधी यायचाय.” मंजूर झालेला निधी यायचा कसा राहतो? कागदांत तरतूद, मान्यता, वितरण असे शब्द दिसतात. हे सगळे एकाच अर्थाचे आहेत की वेगवेगळे? आणि ‘निधी’ व ‘अनुदान’ यांत काही फरक करायचा का?

प्रतिसाद

जिल्हा परिषदेच्या हिशोबाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. हे टप्पे आहेत. घोळ ‘मंजूर’ या शब्दाचा आहे, कारण तो कुठल्याही टप्प्याला चिकटवता येतो.

‘तरतूद’ म्हणजे अर्थसंकल्पात एका लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरलेल्या सदराखाली) दाखवलेली रक्कम. तुमच्या कामाचं त्यात नावही नसतं. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे अमुक काम अमुक किमतीपर्यंत करायला सक्षम अधिकाऱ्याची संमती. कचेरीत हिला सगळे ‘प्रमा’ म्हणतात. ‘तांत्रिक मान्यता’ अभियंता देतो, कामाचं अंदाजपत्रक तपासून. (इथे अंदाजपत्रक म्हणजे एका कामाच्या खर्चाचा अंदाज. पण जिल्हा परिषदेच्या वर्षाच्या जमाखर्चालाही अंदाजपत्रकच म्हणतात. नवीन सदस्य पहिल्या सभेत इथेच गोंधळतात.) आणि ‘वितरण’ म्हणजे ती रक्कम खर्चासाठी प्रत्यक्ष हाती देणं. वितरण झाल्याशिवाय ठेकेदाराचं देयक निघत नाही.

फलकावरचं ‘मंजूर’ बहुतेक वेळा प्रमाचं असतं. वर्षाच्या तरतुदीपेक्षा जास्त रकमेच्या प्रमा दिल्या जातात, उरलेला बोजा पुढच्या वर्षावर जातो. त्याला कागदावर ‘दायित्व’ म्हणतात, बोलताना ‘स्पिल’. तेव्हा भाऊसाहेब खोटं बोलत नव्हते. फलकही खोटा नाही, फक्त अर्धाच बोलतो.

आता निधी आणि अनुदान. निधी म्हणजे मुळात ठेवा, साठा. कायद्यात हा अर्थ अजून शाबूत आहे : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 57 मध्ये ‘ग्रामनिधी’ आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, सरकारकडून आलेले पैसे, सगळं त्यात पडतं. अनुदान म्हणजे एकाने दुसऱ्याला, बहुधा अटी घालून, दिलेली रक्कम. म्हणजे काटेकोर बोलायचं तर अनुदान येतं आणि निधीत जमा होतं. वर्तमानपत्रांनी ‘निधी’चा अर्थ ‘पैसे’ असा करून टाकला, आणि आता शासन निर्णयांतही तोच चालतो. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण हिशोब लिहिताना फरक पाळावा.

प्रतिसाद

वरच्या काकांशी सहमत. एक भर : गावात ‘अनुदान’ म्हटलं की लोकांना ठिबकचं किंवा घरकुलाचं आठवतं, म्हणजे थेट व्यक्तीच्या खात्यात येणारं. घरकुलाच्या पैशाला कुणी निधी म्हणत नाही, ‘हप्ता पडला का’ असंच विचारतात. त्यामुळे ‘पंचायतीला अनुदान आलं’ म्हटलं की दोघं-तिघं तरी येऊन आमचं नाव यादीत आहे का विचारतात.

प्रतिसाद

‘बंधित’ आणि ‘अबंधित’ राहिलंच की! पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या वर्षांच्या पैशांत 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित भाग फक्त पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे अबंधितालाही दोरी आहेच, जरा लांब आहे इतकंच.

शब्द म्हणून ‘बंधित’ मला खटकतो. ‘बद्ध’ होता की (वचनबद्ध, करारबद्ध). शिवाय ‘बंधित’ ऐकताना ‘बाधित’ वाटतो. आमच्या ग्रामसभेत एका आजोबांनी विचारलं होतं, “साठ टक्के पैसा बाधित कशानं झाला?” सगळे हसले. पाइपलाइनच्या कामांची यादी पाहून मला तो प्रश्न अगदीच चुकीचा वाटला नाही.

अवांतर : चौदाव्या आयोगाचे पैसे पूर्णपणे ग्रामपंचायतींना होते. पंधराव्यात आपल्याकडे वाटणी ग्रामपंचायत 80, पंचायत समिती 10, जिल्हा परिषद 10 अशी झाली.

प्रतिसाद

‘योजना राबवणे’ कुणाला विचित्र वाटत नाही का? राबणे म्हणजे कष्ट उपसणे, राबवणे म्हणजे दुसऱ्याला कष्टाला जुंपणे. गडी राबवतात, बैल राबवतात. मग योजना राबवली तर राबलं कोण? माझ्या मते मराठीत ‘अंमलबजावणी’पेक्षा हा शब्द जिवंत आहे, कारण त्यात घाम दिसतो. ‘अंमलबजावणी’त फक्त हुकूम दिसतो. मात्र ‘अभिसरण’ मला अजून पचलेला नाही. रोजगार हमी आणि दुसऱ्या योजनेचे पैसे एका कामात एकत्र आणण्याला म्हणतात. आमच्यासाठी अभिसरण म्हणजे रक्ताचं.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पंचायतीत जाऊन कागद पाहिला. प्रमाच आहे, वितरण नाही. आणखी दोन शब्द तिथेच सापडले : एका जुन्या कामापुढे ‘व्यपगत’ आणि दुसऱ्यापुढे ‘समर्पित’. समर्पित वाचून कुणी देणगी दिली की काय असं वाटलं.

प्रतिसाद

नाही हो, उलट आहे. खर्च होणार नाही असं दिसल्यावर वर्ष संपायच्या आत वरच्या कचेरीला पैसे परत केले तर ‘समर्पित’. न करता बसून राहिलं आणि मुदत उलटली तर ‘व्यपगत’. जिल्हा परिषदेला मिळालेल्या शासकीय पैशांना साधारणपणे पुढच्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत मुदत असते. तोवर ते नुसते ‘अखर्चित’. तुमच्या कागदावर व्यपगतच्या शेजारी तारीख असेल, ती बघा. मार्चच्या आधीची असेल तर लिहिणाऱ्याचा शब्द चुकलाय.