मदत हवी आहे: जुनी व्हॅन दरवर्षी पासिंगला पास होते का? शनिवारच्या आत सांगा

डबेवाली_ऐरोली
नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. माझे पोळी-भाजीचे डबे ऐरोलीहून रबाळे, महापेच्या कंपन्यांत जातात. रिक्षाने आता भागत नाही. एक जुनी व्हॅन बघितलीय, चालवूनही बघितली, छान आहे. आमचे हे म्हणतात की जुनी गाडी म्हणजे दरवर्षी पासिंगची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची, कटकट. मालक म्हणतो, "ताई, आजवर एकदाही परत पाठवली नाही." ज्यांच्याकडे अशी व्हॅन आहे त्यांनी एवढंच सांगा, दरवर्षी पास होते की नाही? शनिवारी टोकन द्यायचंय. "नवीन घ्या" असं कृपया कोणी सांगू नका.

तीनहातनाका
कुठली व्हॅन? साल? पांढरी की पिवळी? माझ्या सासऱ्यांकडेही "जुनी व्हॅन" आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

ओम्नीवाला
ओम्नी असेल तर डोळे झाकून घ्या. माझी २००४ ची. १५ वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरला, गाडी नेऊन दाखवली, पाच वर्षांचं नूतनीकरण हातात. २०२४ ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा एका फेरीत. २०१९ ला कंपनीने ओम्नी बंद केली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

तीनहातनाका
@ओम्नीवाला, तुमची खासगी गाडी. १५ वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी तोंड दाखवायचं. त्या डबे पोचवणार आहेत. धंद्याच्या गाडीचा हिशोब वेगळा.

डबेवाली_ऐरोली
पांढरी आहे, जराशी पिवळट पडलीय. रंगाचा पासिंगशी संबंध असतो का? ईको कार्गो, २०१६.

तीनहातनाका
अहो ताई, नंबरप्लेट विचारली मी!

डबेवाली_ऐरोली
मग तसं लिहा की. प्लेट पिवळी, अक्षरं काळी.

गॅरेज_कळवा
आता बोलता येईल. पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक. अशा गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस (पासिंग झाल्याचं सर्टिफिकेट) मिळतं, आठ उलटली की दरवर्षी. म्हणजे २०१६ च्या गाडीची वर्षाला एक वारी २०२४ च्या आसपास सुरू झाली. "आजवर एकदाही परत नाही" यातलं "आजवर" म्हणजे तिची तरुणपणीची वर्षं धरून, हे लक्षात घ्या.

माझ्याकडे पासिंगच्या आधी जुन्या व्हॅन येतात त्यांची रड साधारण ठरलेली. हँडब्रेक धरत नाही. मागच्या ड्रममध्ये एका बाजूचा व्हील सिलिंडर गळतो, लायनर तेलकट होतं आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. हेडलाइटचा फोकस एक जमिनीवर, एक आंब्याच्या झाडावर. स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली. मागची लाल रेडियम पट्टी निम्मी उडालेली. यातलं एकही इंजिन उघडण्यासारखं काम नाही, पण गाडी परत येते ती याच्यावरच. इंजिन गोड वाजतंय म्हणून भुललेलं गिऱ्हाईक मी रोज बघतो.

आणि स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र. मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरचा असतो. कित्येक जण त्याची वायर काढून ठेवतात आणि पासिंगच्या आदल्या दिवशी जोडतात. तुम्हाला गाडी देताना वायर जोडलेली आहे का ते बघा.

चिडका_बिब्बा
कशाला एवढं? १५ वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात घालतंच. म्हणजे हिची पाच-सहा वर्षं उरली. पैसे पाण्यात.

कलम५६
@चिडका_बिब्बा, अर्धवट माहिती पसरवू नका. १५ वर्षांची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाड्यांना आहे. दिल्लीचे १० आणि १५ वर्षांचे नियम दिल्लीचे. आपल्याकडे अशी व्हॅन फिटनेस मिळेपर्यंत चालते, फक्त वय वाढलं की फी वाढते.

धागाकर्त्या ताईंसाठी: फिटनेस संपलेली गाडी नुसती दंडाला पात्र नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे व्यावसायिक गाडीला चालू फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध धरत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच कागद मागते. या गाडीचं फिटनेस कधीपर्यंत आहे?

डबेवाली_ऐरोली
या महिनाअखेरपर्यंत. मालक म्हणाला, "पासिंग तुमच्या हातानेच होऊ दे, शुभ असतं."

तीनहातनाका
😂 शुभ कोणाला?

सगळं_होतं
माझा एक माणूस आहे. कागद द्या, गाडी न्यायचीही गरज नाही. नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो.

गॅरेज_कळवा
@सगळं_होतं, हल्ली निरीक्षक गाडीचे फोटो ॲपवर चढवतो. ऑटोमॅटिक टेस्टिंग स्टेशन असेल तिथे ब्रेक रोलरवर आणि लाइट मशीनवर तपासतात. गाडी न नेता पासिंग विसरा. आणि झालं तरी, ब्रेक लागत नसलेली गाडी "पास" झाल्याने ब्रेक लागायला लागतो का?

सगळं_होतं
तुमचं गॅरेज चालावं म्हणून तुम्ही घाबरवताय.

गॅरेज_कळवा
तुमचा माणूस चालावा म्हणून तुम्ही लिहिताय.

घोडबंदरग्रस्त
गॅरेजवाले, एक विचारू? घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत माझ्या गाडीचे बुश सहा महिनेही टिकत नाहीत. गायमुखच्या घाटात तर...

कलम५६
अवांतर. वेगळा धागा काढा.

दोन_मुलांची_आई
शाळेच्या व्हॅनसाठी विचारताय का? त्यात आधी महिला अटेंडंट आहे का ते बघा. आमच्याकडे मागच्या वर्षी फार त्रास झाला.

डबेवाली_ऐरोली
शाळा नाही हो, डबे. सगळे भांडताय, उत्तर कोणी देत नाहीये. पास होते की नाही?

एमएच४३_टेम्पो
ताई, माझ्याकडे आधीची अशीच होती, तिची पाच पासिंग केली. पाचही वेळा पास. त्यातल्या दोनदा दुसऱ्या फेरीत. एकदा हेडलाइटवरून, एकदा हँडब्रेकवरून. मागच्या पासिंगआधी खिशातून साडेसहा हजार गेले, शिवाय धंद्याचे दोन दिवस. म्हणजे पास होते, पण आपोआप होत नाही. आता मुख्य प्रश्न, जो अजून कोणी विचारला नाही: गाडी कशावर चालते?

डबेवाली_ऐरोली
सीएनजीवर. हे सांगायचं असतं का? पेट्रोलवर डबे पोचवून माझ्या हातात काय उरणार?

एमएच४३_टेम्पो
हेच सांगायचं असतं, आणि हेच आधी! सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. सिलिंडर गाडीतून काढतात, रिकामा करून पाणी भरतात आणि रोजच्या २०० बारपेक्षा बऱ्याच जास्त दाबाने तपासतात. एक दिवस मोडतो. पास झाला की तारखेची प्लेट मिळते, ती बहुतेक गॅस भरायच्या नळीजवळ लावलेली असते. ती तारीख उलटलेली असेल तर बाकी गाडी नवरीसारखी सजवली तरी उपयोग नाही. २०१६ ची गाडी म्हणजे २०१९, २०२२ आणि २०२५ अशा तीन टेस्ट झालेल्या पाहिजेत.

दुसरं, किट कंपनीचं की बाहेरून बसवलेलं? आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. नुसतं "पेट्रोल" असेल आणि आत सिलिंडर असेल तर ती नोंद चढवल्याशिवाय पासिंग होणार नाही.

गॅरेज_कळवा
+१. सीएनजी माहीत असतं तर मीही इथूनच सुरुवात केली असती. आणि चेसिस नंबर बघा. खाडीकडच्या दमट हवेत पत्रा आतून गंजतो. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, आकडा उमटला नाही तर पंचाईत. मॅट उचला, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत बोट घाला. नवीन काळा रंग किंवा ग्रीस दिसलं तर ते का लावलंय ते विचारा. एम-परिवहन ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसी, चलनं सगळं दिसतं, गाडीचा नंबर टाकायला पैसे पडत नाहीत.

डबेवाली_ऐरोली
आत्ता जाऊन आले. मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. दाराच्या पट्टीत बोट घातलं तर तांबडा चुरा आला, रव्यासारखा. चेसिस नंबरावर ग्रीसचा थर होता, मी ओढणीने पुसला, (ओढणी गेली). एक आकडा ३ आहे की ८ ते मला कळेना. आरसीवर "पेट्रोल/सीएनजी" आहे, तेवढं बरं. सिलिंडरच्या टेस्टच्या प्लेटवर २०२२. मालकाला पुढच्या टेस्टचा कागद मागितला तर त्याने व्हॉट्सॲपवर दसऱ्याला हार घातलेल्या गाडीचा फोटो पाठवला.

तीनहातनाका
हार कंपनीचा की बाहेरून बसवलेला?

एमएच४३_टेम्पो
टोकन देऊ नका. त्याला सांगा, हायड्रो टेस्ट आणि पासिंग तू करून दे, नवीन फिटनेस दिसलं की त्या दिवशी पूर्ण पैसे. तयार झाला तर गाडी बरी आहे. हसण्यावारी नेलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

डबेवाली_ऐरोली
सांगितलं. म्हणाला, "ताई, मग किमतीत दहा हजार वाढतील." म्हणजे त्याला खर्च आधीपासून पाठ आहे! शनिवारचं रद्द. रबाळ्यात अजून एक बघायला जातेय, २०१८ ची. यावेळी प्लेट आधी.

ओम्नीवाला
ओम्नी बघा हो एकदा.

महापे_कँटीनग्रस्त
गाडीतलं काही कळत नाही, पण तांदळाची भाकरी देता का डब्यात? आम्ही चौघं आहोत.

डबेवाली_ऐरोली
मंगळवार-शुक्रवार देते. व्यनि केलाय.