बाळंतपणानंतरचं नैराश्य: बायकोला उपचारासाठी कसं तयार करावं? मदत हवी आहे

नमस्कार. आमचं बाळ आता तीन महिन्यांचं होईल. त्याचं उत्तम चाललंय, वजनही नीट वाढतंय. काळजी बायकोची आहे.

सुरुवातीला ती कारण नसताना रडायची. बहुतेक बायकांना असं होतं, दोन आठवड्यांत आपोआप थांबतं, असं सगळ्यांनी सांगितलं. रडणं थांबलंही, पण त्यानंतर जे आलं ते मला जास्त भीतीदायक वाटतंय. आता ती रडत नाही, चिडत नाही, फारसं बोलतही नाही. बाळाचं सगळं वेळच्या वेळी करते. पाजताना मात्र नजर समोरच्या भिंतीवर असते. बाळ हसलं की मी तिच्याकडे बघतो आणि मी बघतोय म्हणून ती हसते.

बाळ झोपलं तरी ही जागीच. अंधारात त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघते, आडवी होते, थोड्या वेळाने पुन्हा उठते. मी जागतो म्हटलं तरी झोप लागत नाही. जेवणावर वासना नाही. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद होतात.

परवा रात्री ती अगदी सहज म्हणाली, "मी नसते तर तुमचं दोघांचं बरं झालं असतं." असं का म्हणतेस विचारलं, तर "काही नाही रे, दमलेय" म्हणून कूस बदलली. ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

बाळंतपणानंतरच्या तपासणीत टाके, रक्तदाब सगळं बघितलं. मी झोपेचा विषय काढला, तर "नव्या आईला झोप कुठली!" एवढ्यावर तो संपला. तीही "मी बरी आहे" म्हणाली. घरी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की विचारते, "म्हणजे मला वेड लागलंय का?" आणि मग, "औषधं सुरू केली तर दूध तोडावं लागेल. तेवढं एकच तर मला जमतंय." हे ऐकून पोटात तुटतं.

माझी आई म्हणते, मन रमवलं की होईल बरी. तिचा जीव आहे सुनेवर, दिवसभर तीच सोबत असते, त्यामुळे तिला दुखवायचंही नाही.

आधी कोणत्या डॉक्टरांकडे जावं? अंगावर पाजत असताना औषधं चालतात का? आणि ती नाहीच म्हणाली तर काय करू? ज्यांनी हे स्वतः काढलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. बाकी सगळं नंतर, आधी त्या परवाच्या वाक्याचं बघा.

आजच, बाळ दुसऱ्या कोणाकडे देऊन, तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: "मरून जावं असं मनात येतं का? स्वतःला काही करून घ्यायचं ठरवलंयस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट अनेकींना सुटल्यासारखं वाटतं. "हो, मनात येतं" म्हणाली तर तिला एकटं ठेवू नका, घरातली औषधं कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काय करायचं हे तिने ठरवलेलं असेल, तर वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलतीच खात्री वाटणं, झोपेची गरजच न वाटणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तरी तसंच करा. तो वेगळा आजार आहे. हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, पण त्यात उशीर अजिबात चालत नाही.

एरवी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालतं. तुमच्या बाबतीत मी थेट मानसोपचारतज्ज्ञच म्हणेन. तिथे बहुधा एडिंबरो प्रश्नावली देतील. ती 1987 सालची आहे आणि आजही जगभर वापरतात. गेल्या 7 दिवसांबद्दल 10 प्रश्न, एकूण गुण 30. साधारण 13 किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच, काही ठिकाणी 10 पासूनच पुढे चौकशी करतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर "कधीच नाही" याखेरीज काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्यावर बोलायलाच हवं. नुसत्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही. पण तोंडाने "बरी आहे" म्हणणाऱ्या बायका कागदावर खरं लिहितात, हे मी रोज बघते.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉइड बिघडू शकतं आणि त्याची लक्षणं अशीच दिसतात. आणखी एक, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: तिला किंवा जवळच्या नात्यात कोणाला कधी बायपोलर आजार, किंवा झोपेशिवाय भयंकर उत्साहात राहण्याचा काळ आला होता का. तसं असेल तर नुसतं नैराश्याचं औषध उलटू शकतं, उपचार वेगळे ठरतात.

प्रतिसाद

मी यातून गेलेय. तुमच्या बायकोचं दुधाबद्दलचं वाक्य वाचून गलबलून आलं, मीही हेच म्हणायचे.

तिला सांगा, औषध म्हणजे दूध तोडणं असं नाही. मला सर्ट्रालिन दिलं होतं. पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा हेच आधी देतात, कारण ते दुधात अगदी कमी उतरतं. मी शेवटपर्यंत पाजलं. पण कोणतं औषध, किती, हे डॉक्टरच ठरवणार आणि बाळाच्या डॉक्टरांनाही कळवायचं. सुरुवातीला मला मळमळायचं आणि मनावर फरक शून्य. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. नेमकं तेव्हाच "काही उपयोग नाही" म्हणून सोडावंसं वाटतं, तेव्हा तिला धरून ठेवा. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात आणि बंद करतात ते हळूहळू. सोबत समुपदेशन होतंच. आजार सौम्य असेल तर कित्येकींना तेवढंच पुरतं.

नाकाखाली बोट धरण्याबद्दल लिहायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर चित्रं यायची, बाळ हातातून निसटतंय, पाण्यात पडतंय. खिडकीजवळ त्याला घेऊन जायचं मी बंद केलं होतं. सांगितलं तर बाळ काढून घेतील म्हणून कोणाला बोलले नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा कळलं की असे विचार पुष्कळ आयांना येतात आणि ज्या विचारांनी आपलाच थरकाप होतो ते म्हणजे आपला इरादा नव्हे. तिलाही असं काही होत असेल, तर तुम्ही ऐकून दचकू नका.

रात्रीचं एक पाजणं तुम्ही घ्या, काढून ठेवलेलं दूध किंवा डॉक्टरांना विचारून वरचं. तिला दुसऱ्या खोलीत सलग चार-पाच तास आडवं होऊ दे. आधी झोप लागणार नाही, तरी जागा तिचीच ठेवा.

"तुला मानसोपचाराची गरज आहे" या वाक्याने मीही उठून गेले असते. माझी बहीण म्हणाली, "तुला झोप येत नाहीये ना, त्याचं काहीतरी करू." तेवढ्यावर गेले. तुमच्या आईला बरोबर न्या. हा आजार आहे, मन रमवून जाणारा नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्या तुमच्यापेक्षा जास्त सांभाळतील.

धागाकर्ता

दोघींचे मनापासून आभार. काल विचारलं. खूप वेळ गप्प होती, मग म्हणाली, मनात येतं, पण काही ठरवलेलं नाही. आणि मग कितीतरी दिवसांनी रडली. लगेच फोन करून उद्या सकाळची वेळ घेतली, रात्रभर तिच्या जवळच होतो. "झोपेसाठी जाऊ" म्हटल्यावर हो म्हणाली. आईही येतेय. आत मीही बसावं का?

प्रतिसाद

परिचारिका पुन्हा. उद्यापर्यंत थांबू नका, ती मनात येतं म्हणाली आहे. आत्ता पुन्हा फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगा, आजच बघतील. नाही जमलं तर आपत्कालीन विभाग आहेच. आत आधी तिला एकटीला बोलू द्या, मग तिला विचारून तुम्ही जा. झोप, खाणं आणि ते वाक्य एका कागदावर लिहून न्या. तिला सांगता आलं नाही तर कागद पुढे करा.