प्रतिसाद: स्पिरिट नको, रॉकेल चालेल

शिलाईची जुनी पायमशीन जॅम आहे, सोनेरी नक्षीवर मळ बसलाय, स्पिरिटने पुसू का, असं वर विचारलंय. स्पिरिट अजिबात नको! जुन्या काळ्या मशिनींच्या नक्षीवर बहुधा शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर असतो आणि तो अल्कोहोलमध्ये, म्हणजे स्पिरिटमध्येही, विरघळतो. नक्षी गेली की गेली. कापसावर शिलाई मशीनचंच तेल घ्या, आधी एका कोपऱ्यात करून बघा, मग हलक्या हाताने पुसा.

जॅम होण्याचं कारण बरेचदा गंज नसून वाळून चिकट झालेलं जुनं तेल असतं. (कुणी खोबरेल घातलं असेल तर विचारूच नका.) तेलाच्या प्रत्येक भोकात थोडं रॉकेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग चाक हाताने हळूहळू मागेपुढे करा. जोर लावायचा नाही. सुटली की रॉकेल पुसून काढा आणि मशीनचं तेल द्या, कारण रॉकेल हे वंगण नव्हे.

खालचं मोठं चाक मशीनच्या चाकाला जोडणारा पट्टा चामड्याचाच घ्या. वापरून सैल पडला की थोडा कापून पुन्हा पिन मारता येते.

आणि हो, एवढी मेहनत घेण्याआधी सुई कुठली लागते ते बघा. सिंगर १२ सारख्या फार जुन्या मॉडेलांच्या सुया आता सहजी मिळत नाहीत.